उलट्या गाठीचं जाळं

माझ्या भाचीच्या गळ्यावर जन्मतःच एक भोक होतं. टाचणीच्या डोक्याएवढं, उजव्या बाजूला, गळ्याखालच्या हाडाच्या जरा वर. माझी बहीण सगुणा तिला पाजायला घेई तेव्हा त्या भोकातून एक चिकट थेंब बाहेर येई, आणि पोरीने घोट गिळला की भोक किंचित वर सरके. एवढंच. बाकी पोर हसत होती, बाळसं धरत होती, रडून घर डोक्यावर घेत होती. पण कोळीवाड्याला बोलायला एवढंसं भोकही पुरतं.

आम्ही दोघी ठाण्याच्या खाडीकाठच्या. मी थोरली, शेवंती. शिकले, डोंबिवलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि तिथेच खोली घेऊन राहिले. लग्न केलं नाही, म्हणून माझ्या तोंडाला लगाम नाही, असं नातेवाइकांचं मत आहे. लग्न केलं असतं तरी नसता, पण ते असो. आईवडील गेल्यावर सगुणाला माहेर म्हणजे माझी ती खोलीच. तिला दिली होती आमच्याच कोळीवाड्यात, गुणाजीला. गुणाजी स्वभावाने गरीब. गरीब म्हणजे वारा येईल तिकडे फिरणारा. आणि त्या घरात वारा एकाच दिशेने वाहायचा, सासूच्या, म्हणजे मनुबाईच्या.

मनुबाई वाईट बाई नव्हे, हे आधीच सांगते, नाहीतर पुढे माझ्या तोंडून ते निघायचं नाही. ठाण्याच्या बाजारात मासळीची पाटी लावून तिने घर उभं केलं. सुनेच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू स्वतः वळले. नात झाली तेव्हा "लक्ष्मी आली" म्हणाली आणि तेच नाव ठेवलं. पण बारशानंतर कधीतरी तिला तो थेंब दिसला, तिने पोरीची मान उजेडाकडे वळवून बघितली आणि सुनेला विचारलं, "तू निवटी चिरलेली काय?"

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला बोटभर मासा. पाणी ओसरलं की पुढच्या दोन परांवर रेलून चिखलात चालतो, डोळे वर काढून इकडेतिकडे बघतो आणि माणसाची चाहूल लागली की बिळात शिरतो. चवीला फार छान. आमच्याकडे पोटुशी बाईने निवटी खाल्ली तर चालते, पण तिने ती चिरायची नाही. जो धड पाण्यातला नाही आणि धड जमिनीवरचा नाही, त्याच्यावर दोन जिवांच्या बाईने विळी चालवायची नाही, असं जुन्या बायका सांगतात. सगुणाला पाचव्या महिन्यात निवटीच्या आंबटाचे डोहाळे लागले. सासू बाजारात गेलेली. शेजारच्या पोराने निवट्या आणून दिल्या आणि हिला धीर धरवला नाही. विचारल्यावर खोटं बोलायचं तेही जमलं नाही.

"मी बोललेली तुना, मी येईपर्यंत थांब," मनुबाई म्हणाली. "थांबली काय? नाय थांबली. आता यो बघ, कल्ला घेऊन आयली पोर."

माशाला श्वास घ्यायला गळ्यापाशी जे असतात ते कल्ले. शब्द एकदा घरात उच्चारला गेला आणि मग तो उंबरा ओलांडून बाहेर पडला.

ही १९८८ची गोष्ट. नारळी पौर्णिमा जवळ आली होती. एका रविवारी दुपारी सगुणा पोरीला घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मैत्रिणीकडे जाते सांगून निघाली होती. पोरीचं टोपरं कानाखाली ओढून घेतलेलं, गळ्याला फडकं गुंडाळलेलं, आणि उकाडा तर असा की माझ्याच अंगाची काहिली होत होती.

"ताई, पुनवेच्या आदल्या दिवशी डाग देनार हायत," ती म्हणाली. "खाडीपलीकडचा भगत येनार. सळई तापवून भोक बुजवनार आनि वरून नारळ खाडीला देनार."

"आणि गुणाजी?"

"ते बोलतात, आय बोलते तर बघू."

मला राग पटकन येतो, आणि त्या दिवशी तो आला. पण रागाच्या खाली भीती होती, तेही खरं. ज्या भोकातून आतलं पाणी बाहेर येतं, ते वरून भाजून बंद केलं तर ते पाणी जाणार कुठे, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. मी तिच्यासोबत त्याच पावली ठाण्याला गेले.

मनुबाई ओटीवर बसून कोलंबी सोलत होती. मी जे बोलायचं ते बोलले. त्यातलं निम्मं बोलायला नको होतं, पण मी बोलले. शेवटी एवढंच ठरलं की आधी सरकारी दवाखान्यात दाखवायचं. "पन मी येनार," मनुबाई म्हणाली. "दाक्तर काय बोलतो ते माझे कानांनी आयकनार. तुझे तोंडून नको."

डॉक्टर भालेराव कल्याणहून येत. पन्नाशीचे, बोलायला सावकाश, समोरच्याला खुर्ची दिल्याशिवाय न बोलणारे. त्यांनी पोरीची मान हलक्या हाताने वळवली, भोकाच्या वर बोट फिरवलं आणि आत दोरीसारखी एक नळी लागते ती मलाही चाचपून बघायला लावली. मग ते मनुबाईकडे वळले. चूक झाली ती इथे. चूक तरी कशी म्हणू? माणूस खरं बोलला आणि प्रेमाने बोलला.

"आजी, घाबरू नका," ते म्हणाले. "आईच्या पोटात अगदी सुरुवातीला प्रत्येक बाळाच्या गळ्यावर अशा घड्या असतात. माझ्या होत्या, तुमच्याही होत्या. माशाच्या पिलात त्यांचे कल्ले होतात. आपल्यात त्यांचाच जबडा होतो, कान होतो, गळा होतो. हिची एक घडी मिटायची राहिली, एवढंच. मासा काय, कोंबडी काय, माणूस काय, सगळ्यांचं मूळ कधीकाळी एकच होतं. त्याची ही खूण."

मनुबाईने पदर सावरला. "म्हंजे कल्लाच."

"एका अर्थी म्हणा हवं तर," डॉक्टर हसून म्हणाले.

मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. पुढे त्यांनी सांगितलं की पोर वर्ष-दीड वर्षाची झाली की ऑपरेशन करून ती नळी काढून टाकता येते, तोवर फक्त स्वच्छ ठेवायचं. डाग दिला तर आत पू साचेल, गळा सुजेल, पोर दगावेल. हे त्यांनी दोनदा सांगितलं. पण मनुबाईचे कान पहिल्या शब्दावरच बंद झाले होते. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

संध्याकाळपर्यंत कोळीवाड्यात झालं, "दाक्तरानंच सांगितला, माशाची पोर हाय." बायका साखर मागायला, कोथिंबीर द्यायला, कशाकशाला येऊ लागल्या. एकीने पोरीच्या पायाची बोटं उलगडून बघितली, मधे पडदा आहे का म्हणून. सगुणा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पोरीला पाजायची.

दरवर्षी मी मुलांना तो धडा शिकवते. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, तिन्ही चित्रं शेजारी शेजारी, तिन्हीत हाडं तीच आणि त्याच क्रमाने. एकाच पूर्वजापासून आल्याशिवाय असं होणार नाही, असं मी फळ्यावर लिहिते, मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहून मार्क मिळवतात. शिकवताना मला कधी घाम फुटला नव्हता. आता तोच धडा माझ्या भाचीच्या गळ्यावर उघडा पडला होता आणि त्याच्यामुळे तिला डागायला सळई तापणार होती. माझ्या शिक्षणाचा मला इतका संताप कधी आला नव्हता.

मनुबाईने निकाल देऊन टाकला. डाग दिला तर पोर आणि आई घरात, नाहीतर दोघींनी माझ्याकडे जायचं आणि परत यायचं नाही. गुणाजीला मी अंगणात गाठून विचारलं, तुझं काय म्हणणं? तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "ताई, पुढं पोरीचा लगीन कोन करील?" तीन महिन्यांच्या पोरीच्या लग्नाची काळजी होती त्याला, परवाच्या सळईची नव्हती.

घरात एकच माणूस काही बोललं नव्हतं, सासरा, भिवाजीमामा. तो तसाही कमी बोलायचा. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या काठाला ओढलेल्या असतात आणि पुरुष मंडळी जाळी दुरुस्त करतात. मामा सकाळपासून धक्क्याच्या कडेला झाडाखाली पाय पसरून बसायचा, जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवायचा आणि लाकडी सुईने भोकं सांधायचा. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी मी शाळेला दांडी मारून त्याच्याजवळ जाऊन बसले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. म्हटलं, निदान शिव्या तरी नीट ऐकून घेईल.

शिव्या सुचेनात, म्हणून मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. काहीतरी खटकत होतं. माझ्या बापाने पण जाळी विणलेली, मी लहानपणी सुयांत दोरा भरून दिलेला. मामा दोरा दुसऱ्या बाजूने फिरवत होता.

"मामा, तुमची गाठ उलटी आहे."

"हाय," तो म्हणाला. "माझा बापूस शिकला तवाच उलटा शिकला. मी त्याचे बघून शिकलो. गुणाजी माझे बघून. बसते ती बरोबर, पन हाय चुकलेलीच." मग जरा वेळाने, स्वतःशी हसल्यासारखा म्हणाला, "ते चुकीनंच माझा जाला परत आयला."

ती गोष्ट मी लहानपणी ऐकली होती, पण त्याच्या तोंडून नाही. एका वादळात त्याचं जाळं वाहून गेलं आणि दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या गावच्या एका माणसाकडे ते सापडलं. तो म्हणे माझं. जमात, म्हणजे आमची पंचायत, बसली. पंचांनी जाळं मधे पसरलं. मामाने एकेक सांधा धरून त्यातली उलटी गाठ दाखवली. त्यावर निकाल झाला. आमच्याकडे हरवलेल्या जाळ्याचा निवाडा असाच होतो.

"बरोबर गाठ बघून काय कलनार गो?" मामा म्हणाला. "ती समद्या कोल्यांची सारखीच. चुकलेली बघाची. चुकलेली ज्याची त्याची असते."

आम्ही मास्तर लोकही कॉपी अशीच पकडतो. दोन पोरांची बरोबर उत्तरं सारखी आली तर काही सिद्ध होत नाही. तीच विचित्र चूक दोन पेपरांत आली की कान धरायचा. मी तिथे त्या झाडाखाली बसल्या बसल्या मामाला, डॉक्टरांना जे सांगायचं होतं ते, जाळ्यावरून सांगायला लागले. म्हटलं, मामा, आपल्याला कल्ल्यांचा काही उपयोग नाही. तरी पोटात असताना गळ्यावर त्या घड्या पडतात, मग मिटतात. मिटायच्याच असतील तर पडतात कशाला? कारण ती फार जुनी गाठ आहे. मासा, निवटी, कोंबडी, माणूस, जाळी निराळी झाली, पण सगळे एकाच घरातून शिकून बाहेर पडलेत. निवटी चिरली काय आणि न चिरली काय, त्या घड्या सगळ्यांच्याच.

मामाची सुई थांबली. "म्हंजे मासा आपले भावकीतला?"

"फार लांबच्या."

"नि आमी पिढ्यानपिढ्या भावकीच खातंव?" तो मान मागे टाकून हसला. डोक्यावरची लाल टोपी सरकली, ती त्याने वर ढकलली, आणि मला त्याच्या कानापुढे, जिथे कान गालाला चिकटतो तिथे, एक बारीक भोक दिसलं.

"हे काय, मामा?"

"दर्याचा कान," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जरा ताठा आला. "आमचे घरान्यात असतो. बापासला व्हता. मना हाय, गुणाजीला हाय. ज्याला असतो त्याला भरती आधी कलते, असा बोलतात."

हे मी ऐकून होते. मनुबाई लग्नाकार्यात मिरवायची, आमचे घरचे पुरुष दर्याचं ऐकतात म्हणून. पण कान बघायला कोण जातं? माझ्या डोक्यात डॉक्टरांचं वाक्य फिरलं. जबडा होतो, कान होतो, गळा होतो. त्याच घड्या. कानापाशी एक अर्धवट मिटलेली आणि गळ्यापाशी एक.

"लक्ष्मीचा कान बघितला?" मी विचारलं.

"पोरींना नसतो तो."

"बघितला का कोणी?"

मामाने जाळं अंगठ्यातून सोडवलं, सुई टोपीत खोचली आणि उठला.

घरी सगुणा पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. मनुबाई चुलीपाशी. गुणाजी दारात. मी पोरीचं टोपरं सोडलं. गळ्याचं ते भोक सासूला दिसल्यापासून सगुणाने टोपरं कोणासमोर काढलंच नव्हतं, आणि त्याआधी पावडरीचे थर. ओल्या फडक्याने पुसलं. उजव्या कानापुढे भोक होतं. डाव्या कानापुढेही होतं. सुईच्या टोकाएवढी, पण होती, अगदी तिथेच.

मामा गुडघ्यांवर बसला. आपल्या जाड अंगठ्याने आधी स्वतःचा कान चाचपला, मग तिचा. मग गुणाजीला जवळ बोलावलं आणि त्याचा. पोरीला वाटलं खेळतोय, तिने त्याचा अंगठा धरून तोंडाकडे ओढला.

"बघा, मनुमावशी," मी म्हणाले. "हिचा हा कान तुमच्या घराण्याचा आहे. गळ्याचं भोक त्याचंच भावंड. सगुणाने काही आणलेलं नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं करू नका. कानावर असलं की दर्याचं आणि गळ्यावर असलं की निवटीचं?"

मनुबाईने कान बघितला. नीट बघितला, हे कबूल केलं पाहिजे. मग म्हणाली, "कानाचा दर्याचा असेल. गल्याचा तिनंच ओढवलान. चिरलीन ना निवटी? चिरलीन."

पालथ्या घड्यावर पाणी. मी पुन्हा तोंड उघडणार होते, तेवढ्यात मामाकडे लक्ष गेलं. तो खाली जमिनीवर बसला होता आणि त्याचा हात अजून कानावर होता.

"आवडाचे कानावर व्हता काय?" तो म्हणाला. कोणाला विचारत होता ते कळेना. आवडा कोण, हेही आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं.

आवडा त्याची धाकटी बहीण. त्याने सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत. तिच्या गळ्याला असंच भोक होतं, असाच थेंब यायचा. त्याची आई जना, तिच्यावर आळ आला की पोटुशी असताना निवटी चिरली. ती शपथा घ्यायची की चिरली नाही, विळीला हात लावला नाही. भगताने आवडाला डाग दिला तेव्हा तिचे पाय मामाने धरले होते. तो तेव्हा जेमतेम शाळेच्या वयाचा, बापाने धर म्हटलं म्हणून धरले. नंतर पोरीचा गळा सुजत गेला आणि ती गेली. बापाने जनाला खाडीच्या वरच्या अंगाला, कशेळीला, तिच्या माहेरी पोचवलं आणि दुसरी बायको केली. पोराला घरात सगळ्यांनी सांगितलं, तुझ्या आईने तुझी बहीण खाल्ली. त्याने ते खरं मानलं. साठी ओलांडेपर्यंत खरं मानलं.

"माझे लग्नात आयलेली ती," मामा म्हणाला. "मांडवाचे कडेला उभी व्हती, नारळ घेऊन. मीच बोललो, तिला आत घेव नका."

मनुबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. त्या मांडवात नवरी ती होती. "ती बाई," ती हळू म्हणाली. "मना वाटला कोनी भिकारीन हाय. मी तिला लाडू पाठवलेला."

"घेतलान?"

"घेतलान."

पोरीला भूक लागली, ती रडायला लागली, सगुणाने तिला पदराखाली घेतलं.

"बापासचे कानावर व्हता," मामा म्हणाला. "मी रोज बघायचा, त्याचे खांद्यावर बसून. आवडाचा त्याचाच. आयचा नाय." मग तो गुणाजीकडे वळला. "जा. भगताला सांग, येव नको."

गुणाजीने आईकडे बघितलं. आईने हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. ती चुलीकडे वळली आणि जाळ पुढे सारला. गुणाजी गेला. त्याने आपल्या मनाने काही केलं असं नाही, वारा फिरला होता इतकंच. पण गेला, आणि भगत आला नाही.

मनुबाईला पटलं असं मी म्हणणार नाही. तिला अजूनही पटलेलं नाही. तेव्हापासून ती नातीला घ्यायची, तेल लावायची, न्हाऊ घालायची, पण गळा धुवायची वेळ आली की सगुणाला हाक मारायची. माझ्याशी ती महिनाभर बोलली नाही. पण सुनेला घराबाहेर काढायची भाषा पुन्हा तिच्या तोंडी आली नाही, आणि पुढच्या वर्षी ऑपरेशनला जाताना पोरीचं दुपटं तिनेच घडी घालून पिशवीत ठेवलं.

मला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. मी जिंकले होते. दुसऱ्या दिवशी पौर्णिमेची मिरवणूक निघाली, सोनेरी कागद लावलेला नारळ पालखीत, बायका हिरव्या लुगड्यांत, बाजा वाजत होता आणि पोरं नाचत होती. सगुणा लक्ष्मीला कडेवर घेऊन आली होती, टोपरं न घालता. मी मात्र गर्दीत मामाला शोधत होते.

तो मागे, आपल्या ओढून ठेवलेल्या होडीपाशी उभा होता. हातात एक साधा नारळ. कुंकू लावलेलं, बाकी काही नाही. मी जवळ गेले तर त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"मास्तरीन," तो म्हणाला, "तुझे पुस्तकात समदा लिवलेला असतो. माशाचा, मान्साचा. मेलेल्या मान्साला सांगायचा कसा, ते हाय काय लिवलेला?"

"नाही, मामा."

"ती शपथ घ्यायची माझे डोक्यावर हात ठेवून," तो म्हणाला. "मी डोका काढून घ्यायचा."

त्याच्या बापाचं भोक बापाच्या कानावर सगळ्यांना दिसत होतं. पुरावा घरात फिरत होता, जेवत होता, पोराला खांद्यावर बसवत होता. कोणी बघितलं नाही, कारण त्याला चूक म्हणायची कोणाची छाती नव्हती.

पुढे धक्क्यावर पंचांनी पालखीतला नारळ खाडीला दिला, एकच गलका झाला, आणि मग सगळे आपापले नारळ समुद्राच्या बाजूला सोडू लागले. मामा गुडघाभर पाण्यात उतरला. त्याने आपला नारळ उलट दिशेला, वर, कशेळीच्या बाजूला, हात लांब करून सोडला. ओहोटी लागली होती. नारळ हातभर वर गेला, थांबला आणि वळून त्याच्या पायांवरून समुद्राकडे निघाला. पाणी कुठल्या वेळेला कुठे जातं, हे त्या माणसाला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी त्याने वाकून तो पाण्यातून उचलला आणि पुन्हा वरच्या बाजूला सोडला.